पुन्हा घडवाव्यात अशा जुन्या इलेक्ट्रिक गिटारी

पावसाळ्यात या सदराकडे येणारी पत्रे बहुधा गंजलेल्या तारा आणि वाकलेल्या माना यांविषयी असतात. या वेळी मात्र जुन्या इलेक्ट्रिक गिटारींच्या नव्या आवृत्त्यांविषयी, म्हणजे बाजारात ज्यांना रीइश्यू म्हणतात त्यांच्याविषयी, बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : तियात्रांत, म्हणजे कोंकणी नाटकांत, आणि फेस्तांच्या कार्यक्रमांत मी गेली अठरा वर्षे गिटार वाजवतो. मोठ्या कंपन्या दर वर्षी त्याच दोन-तीन जुन्या मॉडेलांच्या नव्या आवृत्त्या काढतात आणि त्यांच्या किमती वाढतच जातात. आपल्या मते खरोखर कोणती जुनी मॉडेले पुन्हा बनायला हवीत, आणि का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. गिब्सनची सनबर्स्ट रंगाची लेस पॉल 1958 ते 1960 एवढीच वर्षे बनली. तेव्हा तिला फारसे गिऱ्हाईक नव्हते, म्हणून 1961 मध्ये तिच्या जागी आज आपण एसजी म्हणतो तो पातळ, दोन शिंगांचा आकार आला. पुढे वादकांनी जुन्या लेस पॉल शोधून शोधून वाजवायला सुरुवात केली, तेव्हा 1968 मध्ये कंपनीला ते मॉडेल पुन्हा सुरू करावे लागले. फेंडरने 1982 मध्ये 1952 ची टेलिकास्टर आणि 1957 व 1962 च्या स्ट्रॅटोकास्टर पुन्हा बनवायला घेतल्या. तेव्हापासून ही मॉडेले कधी कुणाला मिळाली नाहीत, असे झालेले नाही. गिब्सनच्याच फ्लाइंग व्हीच्या 1958 आणि 1959 मध्ये मिळून शंभराहूनही कमी गिटारी कारखान्याबाहेर पडल्या, आणि या दुर्मीळपणामुळेच तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या. दुर्मीळ असणे हे संग्राहकाच्या कामाचे आहे. तियात्राच्या रंगमंचाखाली बसून तीन तास साथ करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

पुन्हा घडवण्याजोगी गिटार कोणती, हे ठरवताना मी आधी एक गोष्ट तपासतो : ती बंद का पडली? काही गिटारी वाईट होत्या म्हणून बंद पडल्या, आणि त्या बंदच राहिलेल्या बऱ्या. पण 1965 ते 1969 या चार-पाच वर्षांत एक मोठी पडझड झाली आणि तिच्यात चांगल्या गिटारीही गेल्या. जानेवारी 1965 मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने 1 कोटी 30 लाख डॉलरला विकत घेतली. त्याच वर्षी इंग्लंडमधील बर्न्स कंपनी आणि 1967 मध्ये ग्रेच कंपनी बाल्डविन या पियानो बनवणाऱ्या कंपनीकडे गेल्या. जपानची टाइस्को 1967 मध्ये कावाईच्या ताब्यात गेली. शिकागोची व्हॅल्को कंपनी के कंपनीशी एकत्र झाली आणि 1968 मध्ये दोन्ही बुडाल्या. डॅनइलेक्ट्रो 1966 मध्ये विकली गेली आणि 1969 मध्ये तिच्या कारखान्याला कुलूप लागले. गिटारीची लाट ओसरली, नव्या मालकांना हिशेब जमेना, आणि ज्या कल्पना अजून पुऱ्या पिकल्याही नव्हत्या त्या कारखान्यांबरोबर संपल्या. माझ्या मते आपला शोध या ढिगाऱ्यापासून सुरू व्हायला हवा.

त्यात माझी पहिली निवड व्हॅल्को कंपनीच्या फायबरग्लासच्या गिटारींची आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला या कंपनीने रेझोग्लास या नावाने फायबरग्लासच्या बॉडी बनवल्या. साच्यातून काढलेले दोन अर्धे कवच एकमेकांवर बसवायचे, सांध्यावरून कडेने पट्टी फिरवायची, आणि आत मान व पिकअप (तारांच्या कंपनांचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारा भाग) धरून ठेवण्यासाठी लाकडाचा ठोकळा ठेवायचा, अशी ती रचना होती. नॅशनल, सुप्रो आणि एअरलाइन या नावांनी त्या विकल्या जात. नॅशनलच्या एका मालिकेचा आकार तर अमेरिकेच्या नकाशावरून घेतलेला होता. आज तशा दिसणाऱ्या गिटारी मिळतात, पण त्यांपैकी बहुतेकांची बॉडी लाकडाची असते. म्हणजे बाहेरची रेषा तेवढी परत आली आणि ज्या गोष्टीसाठी ती गिटार जन्माला आली ती मागेच राहिली. आपल्या किनाऱ्यावर फायबरग्लास म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या मासेमारीच्या होड्या त्याच्याच बनतात आणि वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात राहतात. जून ते सप्टेंबर ज्या हवेत लाकडाची बॉडी फुगते आणि रंगाखाली बारीक तडे धरते, त्या हवेत हे कवच जसेच्या तसे राहते. मूळ गिटारींत एक उणीव होती : मानेत मॅग्नेशियमची पट्टी घातलेली असे, पण मान वाकली तर सरळ करण्यासाठी फिरवायचा ट्रस रॉड नसे. नव्या आवृत्तीत बॉडी तीच ठेवावी आणि मानेत ट्रस रॉड घालावा. गिटार पुन्हा घडवणे म्हणजे काय, याचे माझ्या मनातले चित्र असे आहे.

दुसरी निवड फेंडरच्या इलेक्ट्रिक ट्वेल्व्हची, म्हणजे 1965 मध्ये आलेल्या बारा तारांच्या गिटारीची. बारा तारांच्या गिटारीत जाड तारेशेजारी एक सप्तक वरची बारीक तार असते, आणि दोन्ही एकाच बोटाखाली दाबल्या जातात. दोघींची जाडी वेगळी असल्यामुळे वरच्या पडद्यांवर सूर नेमका राहण्यासाठी दोघींची लांबीही किंचित वेगळी लागते. त्या काळच्या प्रसिद्ध रिकेनबॅकर बारा-तारीच्या ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा ज्यावर टेकतात त्या भागावर, बारा तारांना सहाच आधार असत, त्यामुळे जोडीतल्या एका तारेचा सूर साधला की दुसरीचा थोडा सुटे. फेंडरने प्रत्येक तारेला स्वतंत्र, पुढेमागे सरकवता येणारा आधार दिला. ज्यांनी तंबोऱ्याच्या जवारीचा धागा एका केसाएवढा सरकवून सूर खुलताना ऐकला आहे, त्यांना या सोयीचे मोल लगेच कळेल. इतकी विचारपूर्वक बनवलेली गिटार 1960 च्या दशकाअखेरीस बंद पडली, आणि उरलेल्या बॉडी व माना खपवण्यासाठी कंपनीने 1969 मध्ये त्यांतून वेगळेच सहा तारांचे मॉडेल काढले. 2019 मध्ये ती मेक्सिकोत पुन्हा बनली, पण एका मर्यादित मालिकेपुरतीच. तिला यादीत कायमची जागा मिळायला हवी. मांडो या कोंकणी गीतप्रकाराच्या साथीत मी एकदा बारा-तारी इलेक्ट्रिक ऐकली आहे. घुमटाच्या खर्जावर तिचा झंकार फार शोभून दिसतो.

यामाहाची एसजी 2000 ही 1976 ची गिटार वरच्या पडझडीतली नाही, तरी तिचे नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. तिची मान आणि बॉडीचा मधला भाग एकसंध आहे, म्हणजे मान बॉडीला जोडलेलीच नाही, आणि ब्रिजखाली पितळेचा ठोकळा बसवलेला आहे. त्यामुळे छेडलेला सूर लांबवर टिकतो. मानेचा जोडच नसल्यामुळे दमट हवेत सरस सुटून तो उघडण्याचा प्रश्नही येत नाही. तिच्यासारखी नवी गिटार मध्यम किमतीत नियमित मिळावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गिब्सनची आरडी आर्टिस्ट 1977 ची. तेव्हा गिब्सन आणि सिंथेसायझर बनवणारी मूग या दोन्ही कंपन्या नॉर्लिन या एकाच मालकाकडे होत्या, आणि मूगकडून बनवून घेतलेले बॅटरीवर चालणारे सर्किट या गिटारीत बसवले होते. ते आवाज दाबूनही देई आणि फुलवूनही देई. ही गिटार परत यावी, पण जुन्या बोर्डाची नक्कल करू नये. सर्किट काढून बदलता येईल असे स्वतंत्र ठेवावे, कारण त्यातला एक सुटा भाग मिळेनासा झाला की अख्खी गिटार मुकी होते. बर्न्सच्या बायसनविषयी काही वाचक आग्रहाने लिहितात. तिची वळलेली शिंगे देखणी आहेत आणि तिच्या एका आवाजाचे नाव वाइल्ड डॉग होते, हेही खरे. पण तिच्यातले बहुतेक आवाज आज दुसऱ्या गिटारींतून निघतात, म्हणून ती माझ्या यादीत खाली राहते.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. घरात हार्मोनियम आणि तबला आहे, पण त्याला इलेक्ट्रिक गिटारच शिकायची आहे. दुकानातली गिटार त्याला मोठी होते. लहान मुलांसाठी पूर्वी वेगळी मॉडेले होती असे ऐकले. ती आज मिळतात का? (एक पालक, फोंडा)

उत्तर : होती, आणि त्यांपैकी एक आजही मिळते. फेंडरने 1964 मध्ये विद्यार्थ्यांसाठी मस्टँग काढली. स्ट्रॅटोकास्टरची तार ब्रिजपासून मानेच्या टोकावरच्या पट्टीपर्यंत साधारण 64.8 सेंटीमीटर असते. मस्टँगची 61 सेंटीमीटर, आणि तिचा त्याहून आखूड, 57 सेंटीमीटरचा प्रकारही निघत असे. पडदे जवळ येतात, तारेचा ताण कमी होतो आणि लहान बोटांना पहिल्या महिन्यातला जाच होत नाही. 1982 मध्ये बंद झालेले हे मॉडेल पुढे पुन्हा आले, आणि फेंडरच्याच स्क्वायर या स्वस्त नावाखाली त्याच्या आवृत्त्या निघाल्या आहेत. दुकानात 24 इंची स्केलची, म्हणजे 61 सेंटीमीटर तारेची, गिटार दाखवा, असे स्पष्ट सांगावे. आकार लहान दिसला तरी तार पूर्ण लांबीची असू शकते, म्हणून टेप घेऊन जाण्यात संकोच करू नये.

आपल्या पत्रामुळे मात्र मला दुसऱ्याच एका गिटारीची आठवण झाली, जी मुलांसाठी पुन्हा बनायलाच हवी. अमेरिकेतील सिअर्स या दुकानसाखळीने 1962 पासून सिल्व्हरटोन नावाने एक संच विकला. गिटार डॅनइलेक्ट्रोने बनवलेली, अठरा पडद्यांची, एकाच पिकअपची. ती ज्या पेटीत ठेवून मिळे त्या पेटीतच अँप्लिफायर आणि स्पीकर बसवलेला असे. पेटी उभी करायची, वायर जोडायची आणि वाजवायला बसायचे. गिटार, अँप्लिफायर आणि पेटी मिळून किंमत 67 डॉलर 95 सेंट होती. गिटारीची बॉडी लाकडी चौकटीवर मेसोनाइटचे, म्हणजे दाबून बनवलेल्या हार्डबोर्डचे, पत्रे बसवून केलेली होती, आणि पिकअपसाठी लिपस्टिकची धातूची नळी वापरलेली होती. इतक्या साध्या सामानातून निघालेला तो उघडा, घंटेसारखा आवाज आज मोठमोठे वादक मुद्दाम शोधतात.

शिकवणीला बसने जाणाऱ्या किंवा दिवाडीहून फेरीने पणजीला येणाऱ्या मुलाचा विचार करा. एका हातात गिटार, दुसऱ्या हातात अँप्लिफायर आणि पाठीवर शाळेची बॅग, हे रोज जमत नाही, आणि बरीच मुले याच दगदगीने इलेक्ट्रिक गिटार सोडतात. एका पेटीत सगळे मावले तर ती सोडणार नाहीत. नवी आवृत्ती बनवताना दोन गोष्टी मात्र बदलाव्या लागतील. त्या काळच्या अनेक स्वस्त अँप्लिफायरांत पॉवर ट्रान्सफॉर्मर नसे, आणि त्यामुळे भिंतीतली वीज थेट तारांपर्यंत पोहोचण्याचा धोका असे. आपल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिलेल्या मुलाच्या हातात असे वाद्य देता येणार नाही, तेव्हा बॅटरीवर चालणारा लहान अँप्लिफायर घालावा. हार्डबोर्डच्या कडाही ओल शोषून फुगतात, म्हणून त्या आतून नीट बंद कराव्यात.

प्रश्न : काही रीइश्यू गिटारी मुद्दाम झिजवून, रंग उडवून विकतात आणि त्यांची किंमत जास्त असते. त्या घ्याव्यात का? (एक वाचक, वास्को)

उत्तर : गोव्यात राहत असाल तर घेऊ नका. अशा गिटारींवर उघडे लाकूड आणि आधीच गंजवलेला धातू असतो, आणि समुद्राजवळच्या हवेत तो गंज तेथेच थांबत नाही. ब्रिजच्या स्क्रूंमध्ये तो उतरला की दोन पावसाळ्यांत स्क्रू जागेवर घट्ट बसतात. पातळ नायट्रोसेल्युलोज रंगापेक्षा पॉलियुरेथेनचा जाड रंग आपल्याकडे अधिक टिकतो. संग्राहकांना हे रुचणार नाही, पण माझ्या कामाच्या टेबलावरचा अनुभव तोच आहे.

प्रश्न : जुन्या गिटारींच्या फिंगरबोर्डला, म्हणजे मानेवरच्या पडद्यांच्या पट्टीला, ब्राझीलचे रोजवुड असे, आणि आता भारतीय शिसव किंवा भलतेच लाकूड वापरतात, असे वाचले. मग तिला जुन्या गिटारीची आवृत्ती म्हणावे का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : निःशंक म्हणावे. ब्राझीलच्या रोजवुडचा व्यापार 1992 पासून दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टानुसार जवळजवळ बंद आहे, आणि ते योग्यच झाले. त्याच्याही आधी, 1960 च्या दशकाअखेरीपासून, ब्राझीलमधून ओंडके येईनासे झाले आणि गिटार बनवणारे आपल्या शिसवीकडे वळले. म्हणजे ज्या गिटारींना आज आपण जुन्या म्हणून मान देतो, त्यांतील 1970 च्या दशकातल्या कित्येक गिटारींच्या फिंगरबोर्डवर सह्याद्रीसारख्या आपल्याच डोंगरांतली शिसव आहे. गोव्यातल्या जुन्या घरांतली कोरीव कपाटे आणि पलंग ज्या शिसवीचे आहेत, तिच्याच जातीचे हे लाकूड. 2 जानेवारी 2017 पासून शिसवीच्या बाकीच्या सगळ्या जाती कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या, शिसव असलेली गिटार परदेशी विकायला कागदपत्रे लागू लागली, आणि अनेक कंपन्यांनी पाव फेरो हे दक्षिण अमेरिकेतले लाकूड वापरायला घेतले. 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाल्यावर शिसव परत आली.

इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज मुख्यतः पिकअप, तारेची लांबी आणि ब्रिज यांवर ठरतो. फिंगरबोर्डच्या लाकडाचा वाटा त्या मानाने फार थोडा असतो. शिसव असो की पाव फेरो, ते पुरेसे सुकवलेले आहे का, एवढेच दुकानात पाहावे. मानेच्या कडेवरून बोट फिरवताना पडद्यांची टोके टोचली, तर लाकूड नंतर आकसले आहे असे समजावे.

प्रश्न : माझे काका तारवटी (जहाजावरचे खलाशी) होते. 1960 च्या दशकाअखेरीस त्यांनी जपानहून एक इलेक्ट्रिक गिटार आणली होती. तिच्या हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या टोकावर, नाव नाही, चार पिकअप आहेत, त्यांच्या झाकणांवर सोनेरी वर्ख आहे, आणि ती वाजत नाही. ती विकून तिची एखादी नवी आवृत्ती घ्यावी का? (एक वाचक, शिवोली)

उत्तर : विकू नका. नाव नसणे हा दोष नाही. त्या काळी टाइस्कोसारखे जपानी कारखाने एकच गिटार परदेशांत वेगवेगळ्या नावांनी विकत, आणि काहींवर नाव घालतच नसत. सोनेरी वर्खाचे हे पिकअप, ज्यांना आज गोल्ड फॉइल म्हणतात, तेव्हा स्वस्त माल समजले जात. पुढे राय कूडर या अमेरिकी वादकाने असा एक पिकअप आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये बसवून घेतला, आणि त्यांच्या मऊ, थोड्या खरखरीत आवाजाला पुन्हा किंमत आली. त्यांच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या आहेत, पण झाकणाखाली बहुतेक वेळा वेगळ्याच रचनेचा पिकअप असतो. तुमच्याकडे मूळ वस्तू आहे.

अशीच एक गिटार काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चादरीत गुंडाळून आली होती. तिच्या मालकाने ती मेली असे धरले होते. वरचा पत्रा उघडला तर आतल्या वायरींच्या सगळ्या सोल्डरच्या टाक्यांवर हिरवट राप चढलेला, आणि स्पंजचा तुकडा कुजून पिकअपला चिकटलेला. मल्टिमीटरच्या सुया पहिल्या पिकअपच्या तारांना लावल्या, तर काटा हलेना. भिंगातून पाहिले तेव्हा कळले की गुंडाळी शाबूत होती. ती जिथे बाहेरच्या वायरीला जोडली होती, तो केसाहून बारीक टोकाचा टाका गंजून सुटला होता. टोक खरवडून नवा डाग दिला आणि काटा साडेचार किलोओहमवर येऊन थांबला. चारांपैकी तीन पिकअप त्याच दुपारी वाजू लागले. चौथ्याची गुंडाळी आतून तुटलेली होती, ती नव्याने गुंडाळून घ्यावी लागली.

तेव्हा आधी ती अशा कुणाला तरी दाखवा, जो आतले भाग फेकून न देता तपासील. पॉट्स, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या खुंट्यांखालचे भाग, स्वच्छ करून चालत असतील तर बदलू देऊ नका, बॉडीला पॉलिश पेपर लावू देऊ नका, आणि मानेत ट्रस रॉड आहे की नाही हे कळेपर्यंत जाड तारा चढवू नका. त्या काळच्या कित्येक जपानी मानांत तो नसे, आणि ती मान एकदा ओढली गेली की पुन्हा वळवणे अवघड जाते. दहा नंबरच्या तारांचा हलका संच पुरेसा आहे. चारही पिकअपांचे मल्टिमीटरवर येणारे आकडे आणि मानेची जाडी मला लिहून कळवा, म्हणजे पुढच्या अंकात ती कोणत्या कारखान्याची असावी याचा अंदाज बांधता येईल.